लहान शहरातली हरणारी एनएफएल टीम वर्षानुवर्षं तशीच का राहते? मालकाला कुणी काही करू शकत नाही का?

रविवारदुपार

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे ते आज लिहितोय, थोडं लांबेल. मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका लहान शहरात १४ वर्षं राहतोय आणि इथल्या एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची ३२ टीमची लीग) टीमचा फॅन आहे. टीमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की सगळी चर्चा त्या टीमच्या क्वार्टरबॅकवर (हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) जाते आणि मला ते विचारायचं नाहीये.

आलो तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसमधल्यांनी नेलं म्हणून गेलो, मग मुलीला घेऊन जायला लागलो, ती तेव्हा खांद्यावर बसायची, आता १६ ची आहे आणि तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. परवा घरच्या मैदानावर परत हरलो, परत येताना गाडीत ती म्हणाली बाबा एखादं दुकान इतकी वर्षं इतकं वाईट चाललं असतं तर बंद पडलं असतं ना, मग हे का बंद पडत नाही किंवा दुसऱ्या कुणाकडे का जात नाही? घरी येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.

युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाला गेलं की खालच्या लीगमध्ये जावं लागतं, म्हणजे हरण्याची किंमत आहे. इथे उलट, जो सगळ्यात खाली त्याला ड्राफ्टमध्ये (कॉलेजमधले नवे खेळाडू निवडताना) पहिला नंबर. कोच बदलतात, जीएम (खेळाडू निवडणारा जनरल मॅनेजर) बदलतात, पत्रकार परिषदेत सगळे नवीन सुरुवातीबद्दल बोलतात, नव्याचे नऊ दिवस जातात आणि ऑक्टोबर उजाडला की पहिले पाढे पंचावन्न. मालक तेवढा तोच.

इथे सगळे म्हणतात मार्केट लहान आहे, पैसा नाही, म्हणून हरतो. हे खरं आहे का? आणि जमत नसेल तर मालक विकून मोकळा का होत नाही? बाकीचे ३१ मालक त्याला काही बोलत का नाहीत, त्यांच्याही लीगचं नाव खराब होतंच की. ज्यांना आतलं गणित माहितीये त्यांनी जरा समजावून सांगा.

हिशेबनीस

मी अकाउंट्सवाला माणूस आहे त्यामुळे पैशाच्या बाजूने लिहितो, खेळाबद्दल बाकीचे लिहितीलच.

पैसा नाही म्हणून हरतो हे एनएफएलमध्ये जवळपास खोटं आहे. बेसबॉलबद्दल बोलत असता तर मान्य केलं असतं. पण एनएफएलमध्ये टीव्हीचा राष्ट्रीय करार लीग एकत्र करते आणि त्याचे ३२ सारखे वाटे होतात, न्यूयॉर्कला जितके तितकेच तुमच्या शहराला. हे १९६१ पासून चालू आहे, तेव्हाचे कमिशनर पीट रोझेल यांनी मोठ्या शहरांच्या मालकांना पटवलं आणि अमेरिकी काँग्रेसने स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग ॲक्ट करून त्याला कायद्याचं संरक्षण दिलं. हेतू फार चांगला होता, लहान शहरातली टीम मरू नये.

आता आकडे बघा. बाकीच्या टीम ताळेबंद दाखवत नाहीत पण ग्रीन बे पॅकर्स दाखवतात कारण ती लोकांच्या मालकीची आहे. त्यांच्या मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात लीगकडून आलेला हिस्सा ४३ कोटी २६ लाख डॉलर. सारखे वाटे म्हणजे इतरांनाही तेवढाच. आणि २०२५ च्या सीझनची सॅलरी कॅप (एका टीमने खेळाडूंच्या पगारावर करायच्या खर्चाची मर्यादा) किती, तर २७ कोटी ९२ लाख. म्हणजे खेळाडूंचे पगार आणि त्यावरचे बेनिफिट्स धरूनसुद्धा सगळा खर्च लीगच्या चेकमधून निघतो, एक तिकीट विकायच्या आधी! स्टेडियम रिकामं राहिलं तरी टीम बुडत नाही. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, दुकान बंद पडत नाही कारण गिऱ्हाईक या दुकानाला पैसे देतच नाही, ते बाजाराला देतं आणि बाजार सगळ्या दुकानांना सारखा वाटतो.

मार्केटचा फरक पडतो तो लोकल पैशात. स्टेडियममधले खास बॉक्स, स्पॉन्सर, स्टेडियमला नाव द्यायचे हक्क, हे वाटलं जात नाही. आणि अजून एक गोष्ट जी फार लोक बघत नाहीत, साइनिंग बोनस (करार करताना खेळाडूला मिळणारी रक्कम). कॅपमध्ये तो ५ वर्षांपर्यंत पसरवता येतो पण रोख रक्कम खेळाडूला लवकर द्यावी लागते, तेव्हा ज्या मालकाचा टीम सोडून दुसरा धंदा नाही त्याचा हात आखडतो. शिवाय स्काऊट किती ठेवायचे, प्रॅक्टिसची जागा कशी, डॉक्टर, जेवण, हे कॅपच्या बाहेरचं, इथे किती खर्च करायचा ते मालकाच्या मर्जीवर. कंजूष मालकाची कंजुषी इथे दिसते, पगारात नाही, कारण पगारावर तळाचीही मर्यादा आहे, काही वर्षांच्या हिशेबात कॅपच्या साधारण ९० टक्के खर्च करावेच लागतात.

जुनं उदाहरण देतो, टँपा बे बकेनियर्स. मालक ह्यू कल्व्हरहाऊस, मूळचे टॅक्सचे वकील. १९७६ ला टीम सुरू झाली आणि पहिल्या २६ मॅच सलग हरली. ते नवीन टीम म्हणून सोडून देऊ. नंतर डग विल्यम्स नावाचा क्वार्टरबॅक मिळाला, त्याने ४ वर्षांत ३ वेळा प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेरीला) नेलं. पगारावरून मालकाशी फाटलं आणि तो १९८३ ला दुसऱ्याच लीगमध्ये गेला. त्यानंतर १९८३ ते १९९४ सलग १२ सीझन १० किंवा जास्त पराभव. मधल्या काळात स्टीव्ह यंग हा क्वार्टरबॅक त्यांच्याकडे होता, त्याला १९८७ ला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. विल्यम्सने जानेवारी १९८८ मध्ये वॉशिंग्टनकडून सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला, यंगने पुढे सॅन फ्रान्सिस्कोकडून जिंकला. आणि या सगळ्या काळात टँपाची टीम नफ्यात होती, भरपूर नफ्यात. कल्व्हरहाऊस १९९४ ला वारले, पुढच्या वर्षी टीम १९ कोटी २० लाख डॉलरला विकली गेली, आणि जानेवारी २००३ मध्ये त्याच शहराने सुपर बोल जिंकला. तेच मार्केट, तेच ऊन, तेच प्रेक्षक.

बाकीचे ३१ का बोलत नाहीत? मालकाला काढायला ३२ पैकी २४ मतं लागतात. हरतो म्हणून कुणाला काढलंय असं आजवर झालेलं नाही. डॅन स्नायडर (वॉशिंग्टन) यांच्यावर दबाव आला तो ऑफिसमधल्या गैरवर्तनाच्या आणि पैशाच्या आरोपांमुळे, २४ वर्षांत फक्त २ प्लेऑफ मॅच जिंकल्या म्हणून नाही. आणि शेवटी मिळाले किती? १९९९ ला ८० कोटींना घेतलेली टीम २०२३ ला ६ अब्ज ५ कोटी डॉलरला विकली. एवढं वाईट चालवूनही साडेसातपट. मग विकून मोकळा का होत नाही या प्रश्नाला अर्थच उरत नाही, तो धरून बसला तर दर वर्षी किंमत आपोआप वाढतेय.

ब्राउन्सवाला

वरचं सगळं बरोबर आहे पण त्यातून असं वाटेल की वाईट मालक म्हणजे कंजूष मालक. आम्हाला क्लीव्हलंडमध्ये विचारा. जिमी हॅस्लम यांनी २०१२ ला टीम साधारण १ अब्ज डॉलरला घेतली, खर्च करायला त्यांनी कधी मागेपुढे बघितलेलं नाही. आणि झालं काय? २०१६ आणि २०१७ मिळून ३२ मॅचमध्ये १ विजय. २०१७ ला ०-१६ (शून्य विजय, १६ पराभव). जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत लोकांनी स्टेडियमभोवती मिरवणूक काढली, मी होतो तिथे, हाताची बोटं बधिर झाली होती आणि शेजारचे एक आजोबा १९६४ च्या चॅम्पियनशिपची गोष्ट सांगत होते. ते वर्ष शेवटचं.

आमचा आजार वेगळा आहे. धीर नाही. २०१३ ते २०१९ या ७ सीझनमध्ये ४ हेड कोच, त्यातल्या दोघांना एकेकच वर्ष मिळालं. जीएम बदलतोय, नवा जीएम आला की जुन्याने निवडलेले खेळाडू नकोसे, म्हणजे रोप लावायचं आणि दर आठवड्याला मूळ धरलं का बघायला उपटायचं. १९९९ ला इथली टीम नव्याने सुरू झाली तेव्हापासून ४० हून जास्त क्वार्टरबॅक सुरुवातीला उतरलेत आमच्याकडून. मग एवढ्या घाईतून २०२२ ची ती क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनची ट्रेड आली, त्याच्या बदल्यात ३ फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या निवडी) आणि वर २३ कोटी डॉलरचं पूर्ण गॅरंटीड कॉन्ट्रॅक्ट, आणि त्याच्यावर २० हून जास्त महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दावे केलेले असताना. पहिल्या ३ सीझनमध्ये तो १९ मॅच खेळला. माझी बायको त्या दिवसापासून टीमचं काहीही घालत नाही, आणि मी तिला कधी घाल म्हटलेलं नाही.

तर दोन जातीचे मालक असतात असं माझं मत. एक जो काहीच करत नाही आणि एक जो एक मिनिट शांत बसत नाही. स्टँडिंगमध्ये दोघं शेजारी शेजारीच दिसतात.

आणि लहान मार्केट म्हणाल तर आमच्याइतकंच लहान पिट्सबर्ग २ तासांवर आहे. १९६९ पासून २०२५ च्या सीझनपर्यंत त्यांचे हेड कोच किती, ३. फक्त ३. हे लिहिताना सुद्धा मला त्रास होतो.

विस्कॉन्सिन_स्नेहा

ग्रीन बेचं नाव आलंच आहे तर लिहिते. लोकसंख्या साधारण १ लाख ७ हजार, अमेरिकेतल्या सगळ्या मोठ्या लीगमध्ये मिळून सगळ्यात लहान शहर. मालकच नाही, ५ लाखांहून जास्त शेअरहोल्डर आहेत, डिव्हिडंड नाही, शेअर बाजारात विकता येत नाही. लीगच्या नियमात आता अशी दुसरी टीम होऊ शकत नाही, आमची जुनी म्हणून चालतेय.

पण एक गोष्ट लोक विसरतात. वाईट मालक गेला की सगळं ठीक होईल असं वाटतं ना, आमच्याकडे तर मालक नव्हताच, तरी १९६८ ते १९९१ या २४ वर्षांत फक्त २ वेळा प्लेऑफ. सासरे सांगतात ते दिवस फार वाईट होते. बोर्डाची कमिटी प्रत्येक गोष्टीत लक्ष घालायची. १९९१ च्या शेवटी टीमचे अध्यक्ष बॉब हार्लन यांनी रॉन वुल्फना जीएम म्हणून आणलं आणि फुटबॉलचे सगळे निर्णय तुमचे, कमिटी मध्ये येणार नाही, हे आधी कबूल केलं. पुढच्याच वर्षी कोच माइक होमग्रेन आणि क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह आले, जानेवारी १९९७ मध्ये सुपर बोल. गाव तेवढंच होतं हो, निर्णय कोण घेतं ते बदललं.

आणि न्यूयॉर्क जेट्स बघा की. देशातलं सगळ्यात मोठं मार्केट आणि २०१० च्या सीझननंतर प्लेऑफचं तोंड पाहिलेलं नाही.

रविवारदुपार

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. म्हणजे मार्केट हे कारण नाही, निदान मुख्य नाही, हे पटलं. मग मला दुसरंच विचारायचंय. आम्ही फॅन्सनी जाणं बंद केलं तर? आमच्या रांगेतल्या दोन कुटुंबांनी यंदा सीझन तिकीट सोडलं, २२ वर्षांपासूनचं. तिकिटाचे भाव वाढवल्याचं पत्र हरलेल्या मॅचनंतर दोन दिवसांनी आलं होतं. मलाही वाटतं सोडावं. पण हिशेबनीस म्हणतायत त्याप्रमाणे तिकिटाने मालकाला फरकच पडत नसेल तर माझ्या सोडण्याने फक्त माझाच रविवार जाणार.

नदीकाठ

सिनसिनाटीहून लिहितोय. बेंगल्सबद्दल लोक विचारतात तेव्हा मी खेळाडूंबद्दल बोलत नाही, स्टेडियमच्या लीजबद्दल बोलतो.

पॉल ब्राउन यांनी १९६८ ला टीम सुरू केली, ते फुटबॉलमधले खरोखर थोर माणूस, १९९१ ला वारले आणि मुलगा माइक ब्राउनकडे कारभार आला. १९९१ ते २००४, १४ सीझन, एकही विनिंग सीझन (पराभवांपेक्षा विजय जास्त) नाही. जानेवारी १९९१ नंतरची पुढची प्लेऑफ मॅच जिंकली जानेवारी २०२२ मध्ये. ३१ वर्षं! माझ्या ओळखीत एक मुलगा आहे, त्याचा जन्म, शाळा, कॉलेज, लग्न, सगळं त्या मधल्या काळात झालं. बरीच वर्षं वेगळा जीएम नव्हता, मालक आणि घरचेच बघायचे. स्काऊटिंगचा स्टाफ लीगमधल्या सगळ्यात लहानांपैकी. प्रॅक्टिससाठी स्वतःचं इनडोअर मैदान २०२२ ला आलं.

आता याच काळातलं दुसरं बघा. टीम हरत होती त्याच वेळी, मार्च १९९६ मध्ये, हॅमिल्टन काउंटीच्या लोकांनी मतदान करून विक्रीकर अर्धा टक्का वाढवून घेतला, बेंगल्स आणि रेड्ससाठी (इथली बेसबॉल टीम) दोन नवीन स्टेडियम बांधायला. का घेतला? कारण त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, क्लीव्हलंडची टीम बाल्टिमोरला जाणार हे जाहीर झालं होतं. आपलीही जाईल ही भीती सगळ्यांच्या पोटात होती. त्या भीतीत जो करार झाला तो आजही लोक काउंटीने काय करू नये याचं उदाहरण म्हणून सांगतात. देखभाल, नवीन यंत्रणा यांचा मोठा भार काउंटीवर, करारात होलोग्राफिक रीप्ले सारख्या त्या वेळी अस्तित्वात नसलेल्या गोष्टींचाही उल्लेख. घरमालकांना मालमत्ता करात जी सूट कबूल केली होती ती पुढे कमी करावी लागली, काउंटीने एक सार्वजनिक हॉस्पिटल विकलं.

म्हणून म्हणतो, फॅन तिकीट काढत नाही तरी करातून पैसे देतोच. माझ्या शेजारच्या आजींनी आयुष्यात एक मॅच बघितलेली नाही, त्यांनी पण दिलेत. आणि नाही म्हटलं तर काय होतं तेही बघितलंय, सॅन डिएगोच्या लोकांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदानात नाही म्हटलं, जानेवारी २०१७ मध्ये चार्जर्स लॉस एंजेलिसला गेले. ५६ वर्षं होते तिथे. टीम ३२ च आहेत आणि शहरं जास्त, लीगने ती संख्या मुद्दाम वाढवलेली नाही. जोवर एखादं शहर टीमशिवाय आहे तोवर दुसऱ्या शहराच्या मानेवर हात राहतो. लहान मार्केटचं खरं नुकसान इथे होतं असं मला वाटतं, मैदानावर नाही. मोठ्या शहराला टीम परत मिळते, लॉस एंजेलिसला २० वर्षांनी का होईना दोन मिळाल्या, सेंट लुईसला मात्र १९८८ ला एक गेली, १९९५ ला दुसरी आली, २०१६ ला तीही गेली.

तुम्ही तिकीट सोडावं की नाही हे मी सांगणार नाही. मी २०११ मध्ये सोडलं होतं, आमचा क्वार्टरबॅक कार्सन पामरने इथे खेळण्यापेक्षा रिटायर होतो म्हणून सांगितलं त्या वर्षी. क्वार्टरबॅक जो बरो आल्यावर परत घेतलं. २०१९ ला २-१४ झाले म्हणून पहिला पिक मिळाला आणि तो ओहायोचाच मुलगा निघाला, दोन वर्षांत सुपर बोलपर्यंत. फार आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू. पण त्यातलं मालकाने काय केलं आणि वाईट खेळण्याच्या बक्षिसाने काय केलं हे मला अजून वेगळं काढता येत नाही.

मिशिगनवासी

बहिष्काराबद्दल मी सांगतो, आम्ही करून बघितलाय. डेट्रॉइट लहान मार्केट नाही, पण वाईट मालकीचा अनुभव आमच्याइतका कुणाला नसेल. शेवटची चॅम्पियनशिप १९५७ ची. विल्यम क्ले फोर्ड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टीम घेतली, आणि १९५७ नंतर जानेवारी २०२४ पर्यंत आम्ही प्लेऑफची फक्त एक मॅच जिंकलो, जानेवारी १९९२ ची. बॅरी सँडर्ससारखा खेळाडू १९९९ ला अजून खेळू शकत असताना निघून गेला, कॅल्विन जॉन्सनही तसाच २०१५ च्या सीझननंतर.

मॅट मिलन जीएम होते २००१ ते २००८. डिसेंबर २००५ मध्ये लोकांनी मोर्चा काढला, पाहुण्या टीमचा रंग म्हणून नारिंगी कपडे घालून आले, मिलनला काढा अशा पाट्या तर इतर शहरांतल्या मैदानांवर आणि दुसऱ्या खेळांच्या मॅचमध्येसुद्धा दिसायच्या. काय झालं? मिलन पुढे जवळजवळ ३ वर्षं राहिले. ३१-८४ रेकॉर्ड झाल्यावर गेले आणि त्याच सीझनला आम्ही ०-१६. तर मोर्च्याने माणूस हलत नाही हे मी डोळ्यांनी बघितलं. तेव्हा ब्लॅकआउटचा नियम तरी होता, मॅचच्या ७२ तास आधी तिकिटं संपली नाहीत तर लोकल टीव्हीवर मॅच नाही, म्हणजे रिकाम्या खुर्च्या निदान सगळ्यांना जाणवायच्या. २०१५ पासून तोही स्थगित केला.

पण मला यात हताश व्हायला आवडत नाही, कारण पुढे जे झालं तेही मी बघितलंय. जून २०२० मध्ये शीला फोर्ड हॅम्प आल्या, त्याच घरातल्या, विल्यम क्ले फोर्ड यांची मुलगी. टीम विकली गेली नाही, आडनाव तेच. जानेवारी २०२१ मध्ये ब्रॅड होम्स जीएम आणि डॅन कॅम्पबेल कोच. पहिला सीझन ३-१३-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा). दुसऱ्या सीझनची सुरुवात १-६. इथे प्रत्येक माणूस म्हणत होता की आता हकालपट्टी. १-५ असताना बाई स्वतः पत्रकारांसमोर आल्या आणि या दोघांवर माझा विश्वास आहे म्हणून सांगून गेल्या. मला तेव्हा राग आला होता, वाटलं झालं, परत तेच. तो सीझन ९-८ ने संपला, पुढचा १२-५, आणि १४ जानेवारी २०२४ ला रॅम्सविरुद्ध २४-२३ जिंकलो तेव्हा माझ्या शेजारी ७० च्या पुढचे एक गृहस्थ खुर्चीत बसून नुसते रडत होते, कुणी त्यांना उठवलं नाही.

वर पिट्सबर्गचं लिहिलंय ना ३ कोच म्हणून, त्याच्या आधीचं पण सांगायला हवं. रूनी घराण्याकडे टीम १९३३ पासून आहे आणि पहिली प्लेऑफ मॅच जिंकली १९७२ मध्ये. जवळपास ४० वर्षं तीही हरणारी टीम होती, हेच घराणं, हेच शहर. १९६९ ला चक नोल आले आणि पहिल्या सीझनला १-१३. एक विजय! त्यांना काढलं नाही, आणि त्यांनी १९७० च्या दशकात ४ सुपर बोल दिले. तेव्हा कारभार वडील आर्ट यांच्याकडून मुलगा डॅन यांच्या हाती आला होता. म्हणजे आमच्यासारखंच, घरातली पुढची पिढी.

त्यामुळे ब्राउन्सवाल्यांच्या दोन जातींमध्ये मी एक भर घालतो. तिसरा मालक तो, ज्याला खेळातलं आपल्याला कळत नाही हे कळतं, जो ज्याला कळतं असा माणूस शोधतो, आणि मग लोक शिव्या देत असताना त्याच्या पाठीशी उभा राहतो. पंचाईत अशी की हरण्याने पैसा जात नाही, कुणी काढू शकत नाही, त्यामुळे मालकाने तसं व्हावं यासाठी बाहेरून काहीच जोर लागत नाही. झाला तर स्वतःहून होतो.

हिशेबनीस

मिशिगनवासी, पुढची पिढी हा मुद्दा फार महत्त्वाचा काढलात, त्यात टॅक्सचं एक कारण आहे ते लिहून टाकतो कारण रविवारदुपार यांनी विचारलं होतं विकत का नाही.

घराण्याने कवडीमोल भावात घेतलेली टीम आज अब्जावधी डॉलरची आहे. जिवंतपणी विकली तर मधल्या सगळ्या वाढीवर कॅपिटल गेन्स टॅक्स. पण मालक वारला तर वारसाकडे येताना मूळ किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने धरली जाते, मधली वाढ त्या टॅक्समधून सुटते. म्हणजे म्हातारपणी विकणं हा टॅक्सच्या दृष्टीने सगळ्यात वाईट मुहूर्त. कितीही नकोसं झालं तरी वकील सांगणार थांबा.

मेल्यावर एस्टेट टॅक्स आहेच, तो वेगळा आणि मोठा, आणि तिथे तयारी नसेल तर घराणं टीम गमावतं. मायामी डॉल्फिन्सचे जो रॉबी १९९० ला वारले, कुटुंबाला तो टॅक्स झेपला नाही, १९९४ पर्यंत टीम वेन हुइझेंगांकडे गेली. त्यावरून बाकीची घराणी शिकली, आता सगळं ट्रस्टमध्ये आधीच लावलेलं असतं. आणि ऑगस्ट २०२४ पासून लीगने प्रायव्हेट इक्विटी फंडांना १० टक्क्यांपर्यंत हिस्सा घ्यायला परवानगी दिलीये. फंडाला कारभारात मत नाही, फक्त पैसा द्यायचा. म्हणजे घराण्याला रोख मिळणार आणि ताबाही राहणार, विकण्याचं जे एक कारण उरलं होतं तेही ढिलं झालं.

तेव्हा मालक बदलेल याची वाट बघू नका असं मी म्हणेन. त्या घरात पुढे कोण आहे आणि तो किंवा ती आत्ता टीममध्ये काय काम करते ते बघा.

रविवारदुपार

हा सगळा धागा मुलीला वाचायला दिला. तिने रॉन वुल्फवाला भाग दोनदा वाचला. मग स्वतःच टीमच्या वेबसाइटवर जाऊन फ्रंट ऑफिसची यादी काढून बसली, कुणाचं आडनाव मालकाचं आहे, कोण कुठल्या पदावर, ड्राफ्टच्या दिवशी खोलीत कोण बसतं त्याचे फोटो. चार जण निघाले. त्यातली एक नात आहे, तिशीची, कॅप आणि कॉन्ट्रॅक्टचं काम बघते असं दिसतंय.

सीझन तिकिटाच्या नूतनीकरणाची तारीख मार्चमध्ये आहे. तोपर्यंत हेड कोचची जागा रिकामी झाली आणि इंटरव्ह्यू घ्यायला ही नात बसली का ते आम्ही दोघं बघणार आहोत. काही कळलं तर इथेच लिहीन.